जीवाश्मांची गुहा बघायची तर कोणती: नाराकूर्ट की स्टर्कफाँटेन?

दोन्ही जागतिक वारसास्थळं. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं नाराकूर्ट १९९४ पासून, जोहान्सबर्गजवळचं स्टर्कफाँटेन १९९९ पासून. खर्च आणि रजा पाहता बहुतेकांना एकच जमेल, म्हणून स्पष्टच सांगते: गुहा हाडं कशी जपते हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर नाराकूर्ट.

सह्याद्रीतली लेणी माणसाने बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. या गुहा मात्र पाण्याने घडवल्या, एक चुनखडीत तर दुसरी डोलोमाइटमध्ये. असा खडक आजूबाजूच्या गाळातलं आम्ल मारतो, त्यामुळे एरवी मातीत विरून जाणारी हाडं टिकतात. शिवाय आत ऊन नाही, पाऊस नाही.

नाराकूर्टला छतात भोकं पडली आणि गुहा म्हणजे सापळाच झाला. वरून चाललेले कांगारू आत पडायचे आणि बाहेर येता न आल्याने तिथेच मरायचे. वाऱ्यापाण्याने आलेली माती त्यांच्यावर थरांनी साचत गेली. व्हिक्टोरिया फॉसिल केव्हमधला हा साठा १९६९ मध्ये रॉड वेल्स आणि ग्रँट गार्ट्रेल यांना सापडला. मऊ गाळात हाडं अजून जागच्या जागी दिसतात. आखूड तोंडाचे प्राचीन कांगारू आणि थायलॅकोलिओ हा शिकारी ‘पिशवीवाला सिंह’ तिथलेच. सुमारे पाच लाख वर्षांचा हा पट आहे.

स्टर्कफाँटेनचं सगळंच कठीण. तिथे गाळ चुन्याने घट्ट होऊन काँक्रीटसारखा खडक बनलाय. ‘लिटल फुट’ या मानवी पूर्वजाच्या सांगाड्याचीच गोष्ट घ्या. १९९४ मध्ये संशोधक रॉन क्लार्क यांना जुन्या पेट्यांमध्ये, प्राण्यांची म्हणून ठेवलेल्या हाडांत, मानवी पूर्वजाच्या पावलाची हाडं दिसली. पुढे १९९७ मध्ये त्यांचे सहकारी स्टीफन मोत्सुमी आणि न्क्वाने मोलेफे तुटलेल्या नडगीचा साचा घेऊन अंधाऱ्या गुहेत शिरले आणि दिव्याच्या उजेडात भिंती तपासत त्यांनी नेमका जुळणारा तुकडा शोधला! सांगाडा खडकातून सोडवून जगासमोर यायला २०१७ उजाडलं. त्याचं वय ३६.७ लाख वर्षं असल्याचं एक मोजमाप सांगतं, पण त्यावर अजून वाद आहे. शोध लावणाऱ्या त्या दोघांची नावं तिथल्या माहितीत आवर्जून विचारा.

अडचण इतकीच की तो सांगाडा गुहेत नाही, जोहान्सबर्गच्या विद्यापीठात आहे. ‘मिसेस प्लेस’ ही १९४७ मध्ये मिळालेली मानवी पूर्वजाची कवटीही तिथे नाही, ती प्रिटोरियाच्या संग्रहालयात आहे. गुहेत दिसतो तो खडक आणि सांगणाऱ्याची गोष्ट. तेवढ्याने पोट भरत नसेल तर जवळचं मारोपेंग हे माहिती केंद्रही जोडून घ्या. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि काही ठिकाणी वाकावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

प्रवास? स्टर्कफाँटेन जोहान्सबर्गहून तासाभरावर, नाराकूर्ट अॅडलेडहून गाडीने जवळपास चार तास. माणसाच्या मुळांचीच ओढ असेल तर मी कुणालाही स्टर्कफाँटेनपासून परावृत्त करणार नाही. फक्त २०२२ च्या अखेरीस पुराच्या पाण्यामुळे ती गुहा बराच काळ बंद होती, तेव्हा तिकीट काढण्याआधी चौकशी नक्की करा.