विसरभोळेपणाचं निदान: आधी एमआरआय की पेट?

स्मरणशक्तीची चाचणी झाली, बी-१२ आणि थायरॉइडचे रिपोर्टही आले. आता चिठ्ठीवर दोन नावं आहेत, एमआरआय आणि एफडीजी पेट, म्हणजे किरणोत्सारी साखर (एफडीजी) टोचून मेंदूचा कुठला भाग किती काम करतो ते दाखवणारा स्कॅन.

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, नजरेत भरण्याइतका आकसण्याआधीच पुष्कळदा पेटवर कानशिलामागचा भाग मंदावलेला दिसतो. विसर पासष्टीच्या आतच सुरू झाला असेल, किंवा विसरण्यापेक्षा वागणंच बदललं असेल, तर पेट वरचढ, हे मान्य.

अडतं ते साखरेवर. पेटला ४ ते ६ तास उपाशी राहावं लागतं आणि इंजेक्शनआधी साखर बहुतेक ठिकाणी २०० च्या आत लागते. ती २४० निघाली की दिवस वाया. तिथल्या तिथे इन्सुलिन देऊनही भागत नाही, कारण मग एफडीजी स्नायूंत शिरतं आणि मेंदू फिका उमटतो. त्यात एफडीजीमधलं किरणोत्सारी एफ-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. डोस मुंबईहून यायचा असेल आणि गाडी कसारा घाटात अडकली, तर ३ तास ४० मिनिटांत पाव हिस्सा उरतो. हिशेब धरूनच डोस मागवतात म्हणा, पण इकडे आजोबा चहासाठी हटून बसलेले असतात. इंजेक्शननंतर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं, आणि ते दर दोन मिनिटांनी विचारणार, ‘आपण इथे का आलोय?’

एमआरआयला उपास नाही. पेसमेकर असेल तर आधी सांगा. कवळी, कानाचं यंत्र काढून ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांच्या ठकठकाटात माणूस हलला की चित्र पुसटतं, म्हणून थ्रीडी टी-१, म्हणजे मेंदूची ठेवण बारकाईने दाखवणारं चित्र, सगळ्यात आधी घ्यायला सांगा. खरी खोट रिपोर्टात असते: ‘वयोमानानुसार मेंदू आकसलेला’ एवढी एकच ओळ. त्यावर उपाय आहे. चिठ्ठीवरच लिहून घ्या: हिप्पोकॅम्पसला काटकोनात कोरोनल (या कानापासून त्या कानापर्यंतचे उभे) काप, एमटीए गुण (हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग किती आकसला त्याचे), फ्लेअर (मेंदूतले पांढरे डाग दाखवणारं चित्र), एसडब्ल्यूआय (बारीक रक्तस्राव दाखवणारं). एमटीए ० ते ४ असतो. पंचाहत्तरीच्या आत २, पुढे ३ आला तर दखल घ्यायची. कवटीखाली साचलेलं रक्त किंवा मेंदूत तुंबलेलं पाणी, म्हणजे ज्यावर इलाज होऊ शकतो ती कारणं, इथेच सापडतात.

अमिलॉइड पेट, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमिलॉइड प्रथिन दाखवणारा पेट, निगेटिव्ह आला तर कामाचा. पॉझिटिव्ह मात्र धडधाकट म्हाताऱ्यांतही येतो.

तेव्हा माझं माप एमआरआयकडे झुकतं. त्यानंतरही उलगडा झाला नाही, तर पेट करा, पण सकाळचा पहिला नंबर मागा आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.