मथळ्याची शेपटी कापणारे प्रकाशन-साधन: एका पावसाळ्याचा अनुभव

शाहूपुरीतील आमच्या छापखान्याच्या माडीवरून आम्ही कोल्हापुरातील घडामोडींचे एक छोटे संकेतस्थळ चालवतो. जूनच्या सुरुवातीला त्यासाठी एका ऑनलाइन प्रकाशन-साधनाची वर्षभराची वर्गणी भरली. मजकूर लिहिणे, तो प्रसिद्ध करणे आणि लगोलग फेसबुक, एक्स व व्हॉट्सॲपवर पाठवणे ही तिन्ही कामे एकाच ठिकाणाहून व्हावीत, एवढीच अपेक्षा होती. आता पावसाळा सरला असून त्या काळात जे पाहिले ते येथे नोंदवत आहे.

लेखनाची बाजू उत्तम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दसरा चौकात छत्री खांद्याला टेकवून, एका हाताने मोबाइलवर चार ओळी लिहून प्रसिद्ध करणे या साधनामुळे शक्य झाले; जुने मसुदे तारीखवार जपले जातात आणि छायाचित्रे आपोआप हलकी होतात. छापखान्यातील जुन्या फॉन्टमधील मजकूर चिकटवला की निरर्थक चिन्हांचा ढीग पडतो, पण तो दोष आमच्या पिढीच्या संगणकांचाही आहे, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही.

खरी अडचण मजकूर बाहेर पडताना सुरू होते. आमचे बहुतेक वाचक संकेतस्थळ उघडून येत नाहीत; तालमीच्या, गल्लीच्या किंवा भिशीच्या ग्रुपवर आलेल्या लिंकखालचा लहानसा चौकोन ते पाहतात, आणि कित्येकदा तेवढेच पाहतात. त्या चौकोनातील मथळा, दोन ओळी व चित्र कोणते असावे हे पानात दडवलेल्या सूचनांवरून ठरते. त्यासाठीची ओपन ग्राफ ही पद्धत फेसबुकने २०१० मध्ये आणली. या सूचना आमचे साधन स्वतःच लिहिते, मात्र काय लिहिले ते संपादकाला दाखवत नाही.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जुलैअखेर पाणी किंचित उतरले तेव्हा राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पुन्हा उघडल्यास ते चढू शकते, हे सांगण्यासाठी मी मथळा दिला होता: ‘पंचगंगेचे पाणी ४३ फुटांखाली आले म्हणजे धोका टळला असे नाही’. साधनाने शेअरिंगसाठी ५० चिन्हांची मर्यादा लावून, शब्द न तोडण्याची दक्षता घेत, शेवटचे दोन शब्द गाळले. पुढे तीन टिंबेही ठेवली नाहीत. ग्रुपवर गेला तो मथळा असा: ‘पंचगंगेचे पाणी ४३ फुटांखाली आले म्हणजे धोका टळला’.

तासाभरात कुंभार गल्लीतील एका परिचितांचा फोन आला. गणपती तोंडावर असल्याने त्यांनी अर्धवट रंगवलेल्या मूर्ती माळ्यावर चढवून ठेवल्या होत्या. “साहेब, तुम्हीच टाकलंय म्हणून विचारतो, मूर्ती खाली घेऊ का? रंगकाम थांबलंय.” मी त्यांना थांबवू शकलो, कारण त्यांनी विचारले, ज्यांनी विचारले नाही त्यांचे काय झाले असेल, या विचाराने ती रात्र अस्वस्थतेत गेली.

मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. इंग्रजी मथळ्याची शेपटी कापली तर पुष्कळदा तपशील जातो. आपल्या मथळ्याची कापली तर अर्थ उलटतो. शिवाय मोजणीही आपल्यावर अन्याय करणारी आहे. वरील मथळ्यात वाचकाच्या हिशेबाने आकडे धरून २७ अक्षरे आहेत, पण साधन प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि मोकळी जागा वेगळी धरून ५७ चिन्हे मोजते. ‘कोल्हापूर’ आपल्याला ४ अक्षरांचे, त्याला ९ चिन्हांचे. हाच शब्द लिंकमध्ये मराठीतून ठेवला तर प्रत्येक चिन्हाची ९ रोमन खुणांत फोड होऊन एकूण ८१ खुणांची माळ तयार होते, आणि ती पाहून ज्येष्ठ वाचक ‘हा व्हायरस तर नाही ना’ असे विचारतात.

चूक सुधारण्याचा मार्गही अरुंद आहे. मथळा बदलून मी तो पुन्हा प्रसिद्ध केला, पण व्हॉट्सॲपवरील चौकोन पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि संदेशासोबत तसाच पुढे जातो, त्यामुळे जुना मथळा दिवसभर फिरत राहिला. हे साधनाच्या हातात नाही. त्याच्या हातात होते ते एवढेच, की चौकोनातील चित्रावर तारीख व वेळ ठळकपणे छापावी. ती असती तर सकाळचा आकडा रात्री कुणी ताजा समजले नसते. वेळेचाही एक घोळ झाला: सकाळी ६ ला जावी म्हणून लावलेली पातळीची नोंद ११.३० वाजता गेली, कारण साधनाचे घड्याळ मुळातच जागतिक प्रमाणवेळेवर होते. ती मांडणी एकदा बदलली की पुन्हा त्रास होत नाही.

ग्राहक-सेवेला मी तीन सुधारणा कळवल्या आहेत. शेअरिंगचा मथळा लिहिण्यासाठी वेगळी चौकट द्यावी आणि ‘प्रसिद्ध करा’ दाबण्यापूर्वी तिन्ही ठिकाणी तो कसा दिसेल ते दाखवावे. मर्यादा अक्षरांत मोजावी व मथळा कापण्याऐवजी संपादकाला अडवावे. पानाची भाषा मराठी असल्याची खूण आपोआप जोडावी, म्हणजे योग्य फॉन्ट असल्यास ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतील. उत्तर नम्र होते, मुदत मात्र दिलेली नाही.

लेख, कविता, पाककृती यांसाठी हे साधन मी निःसंकोच सुचवीन. पूर, वीज, पाणीपुरवठा अशा विषयांवर लिहिणाऱ्यांनी मात्र तूर्त लिंक आधी स्वतःच्याच नंबरवर पाठवून पाहावी. मी आता तेच करतो, आणि मथळ्यात ‘धोका कायम’ हे शब्द सर्वांत आधी लिहितो.