म्युझिक थिअरी की म्युझिक कॉग्निशन? आधी भूप-देशकार ऐका

भूप आणि देशकार. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर, सगळे शुद्ध; मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. तरीही क्लासमध्ये चार वर्षं काढलेला मुलगा पंचमावरून धैवत लागला की लगेच मान डोलावतो आणि म्हणतो, "देशकार." या दोन विषयांपैकी पुढे काय शिकायचं हे ठरवत असाल, तर सांगा: या मुलाकडे बघून तुमच्या मनात कुठला प्रश्न आधी येतो? "गायकाने त्या धैवतावर नेमकं काय केलं?" हा आला, तर म्युझिक थिअरीचं, म्हणजे संगीताची रचना उलगडणाऱ्या विषयाचं, माहितीपत्रक आधी उघडा. "याला कळलं कसं, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या आईला का नाही कळलं?" हा आला, तर म्युझिक कॉग्निशनचं, म्हणजे संगीत ऐकताना मन आणि मेंदू काय करतात याच्या अभ्यासाचं.

मी दुसऱ्या वाटेने गेले, तेव्हा माझा तराजू थोडा तिकडे झुकलेला असणार. तेवढं वजा करून पुढचं वाचा.

आधी एक गैरसमज. थिअरी म्हटलं की आपल्यासमोर विशारदचा 'शास्त्राचा पेपर' येतो: रागाची माहिती, वादी-संवादी, झपतालाची दुगुन लिहा. परदेशी विद्यापीठातली थिअरी म्हणजे ते नव्हे. तिथे पहिली दोन वर्षं युरोपीय हार्मनीत (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळात) जातात. चार आवाजांची रचना करायची, प्रत्येक कॉर्डखाली (स्वरमेळाखाली) रोमन आकडे लिहायचे, ऐकलेली धून स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) उतरवून काढायची. दोन आवाज पंचमाचं अंतर राखून बरोबरीने सरकले, तर वहीत लाल रेघ. जन्मभर तानपुऱ्याचा सा-प कानात घेऊन वाढलेल्या माणसाला ही रेघ का ओढली, हे कळायलाच एक सत्र लागतं. पुढच्या वर्गांत शेंकर येतो. हाइनरिख शेंकर (१८६८–१९३५) याच्या पद्धतीत अख्ख्या रचनेचा एकेक थर सोलत तळाशी एक साधी उतरती सुरावट शोधायची. हाताला वळण बसलं की यात खरंच मजा आहे. ओळखीचा तुकडा अचानक एखाद्या वाड्याच्या नकाशासारखा दिसू लागतो.

पण हा नकाशा कुणाच्या वाड्याचा, हा प्रश्न अमेरिकेत २०१९ साली फार जोरात विचारला गेला. थिअरीचे प्राध्यापक फिलिप युएल यांनी सोसायटी फॉर म्युझिक थिअरीच्या अधिवेशनात उघड मांडलं की हा विषय गोऱ्या युरोपीय पुरुषांच्या संगीतावर उभा आहे आणि तरी सगळ्या जगाचं शास्त्र म्हणून शिकवला जातो. पुढच्या वर्षी शेंकरला वाहिलेल्या एका नियतकालिकाने त्यावर एक अंक काढला आणि मोठं वादळ उठलं. तुम्ही हिंदुस्थानी संगीत घेऊन जाणार असाल, तर या वादाकडे दुर्लक्ष करू नका, कारण त्याचा थेट परिणाम तुमच्या प्रबंधावर होतो. रागसंगीतावर काम करू देणारा मार्गदर्शक थिअरी विभागात क्वचित भेटतो. तो बहुधा शेजारच्या एथ्नोम्युझिकॉलॉजीत (निरनिराळ्या समाजांच्या संगीताच्या अभ्यासात) असतो. इंग्लंडमध्ये डरहमचे मार्टिन क्लेटन (हिंदुस्थानी लयतालावरचं त्यांचं पुस्तक २००० सालचं) किंवा लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेत दीर्घकाळ शिकवलेले रिचर्ड विडेस ही त्या घराण्यातली नावं. म्हणून अर्ज करताना विभागाच्या नावाऐवजी माणसांची यादी वाचा.

आपल्याकडे थिअरी करायची, तर मराठी वाचणाऱ्याला एक मोठी सवलत आहे आणि ती आपण सहसा मोजतच नाही. भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मुळात मराठीत आहे, गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिलेली. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक दा. रानडे यांचं बरंच लेखन मराठीत आहे. बाहेरचा अभ्यासक जे भाषांतरातून वाचतो, ते तुम्ही थेट वाचता. आणि त्यात भांडायला जागाही भरपूर. हेच बघा: भातखंड्यांच्या दहा थाटांत, म्हणजे स्वरांवरून केलेल्या रागांच्या गटांत, भूप कल्याण थाटात जातो आणि देशकार बिलावलात. या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा. कल्याणात तीव्र, बिलावलात शुद्ध. आणि मध्यम तर या दोन्ही रागांत नाहीच! म्हणजे ज्या स्वरावरून थाट ठरायचा, तोच गैरहजर. मग वर्गीकरण कशावरून झालं? चलनावरून, म्हणजे स्वरांच्या चालीवरून? पूर्वांग-उत्तरांगावरून, म्हणजे सप्तकाच्या खालच्या की वरच्या अर्ध्यावर भर आहे यावरून? की आधी कान ठरवतो आणि थाट मागून येतो? ज्याला हा प्रश्न रात्री झोपू देत नाही, त्याने कॉग्निशनच्या नादी लागू नये.

आता दुसरी बाजू. कॉग्निशनमध्ये हाच प्रश्न उलट्या टोकाने धरतात. मानसशास्त्रज्ञ कॅरल क्रमहान्सल यांची पद्धत सोपी आहे. आधी सप्तक उभं करणारी एखादी सुरावट ऐकवायची, मग बारांपैकी एकच स्वर वाजवायचा आणि विचारायचं, "हा इथे कितपत बसतो? १ ते ७ मध्ये सांगा." १९८२ साली त्यांनी आणि एडवर्ड केसलर यांनी पाश्चात्त्य मेजर स्केलसाठी (आपल्या बिलावलासारख्या सप्तकासाठी) जे आकडे छापले, त्यात षड्जाला ६.३५ आणि कोमल रिषभाच्या जागेला २.२३. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण १९८४ साली हीच पद्धत त्यांनी मेरी कॅस्टेलानो आणि जमशेद भरुचा यांच्याबरोबर उत्तर हिंदुस्थानी रागांवर लावली, तेव्हा खरी गंमत झाली. दहा राग, भारतीय श्रोते आणि पाश्चात्त्य श्रोते. कुठला स्वर जास्त वजनाचा, हे बाहेरच्यांनाही बरंचसं कळलं, कारण जो स्वर जास्त वेळ वाजतो त्याकडे कान आपोआप जातो. मात्र रागामागचा थाट फक्त भारतीयांच्या उत्तरांतून दिसला. भातखंडे हे वाचून खूश झाले असते, असं मला उगीच वाटतं.

रोजचं काम मात्र इतकं रसाळ नाही. माझ्या मास्टर्समध्ये संगीत फार थोडं आणि बाकी सगळं स्टॅटिस्टिक्स. आठ-आठ सेकंदांचे तुकडे कापा, सगळ्यांचा आवाज सारखा करा, एथिक्स कमिटीचा फॉर्म भरा, संमतीपत्रं छापा, आणि मग शनिवारी सकाळी दहा वाजता बोलावलेल्या सहा जणांपैकी दोघेच येतात. माझ्या एका छोट्या प्रयोगात इकडच्या श्रोत्यांपैकी एक काकू होत्या. त्यांनी बाराही स्वरांना ७ दिले. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "सगळेच छान वाजलेत की गं, कुणाला कशाला कमी द्यायचं?" त्यांची ओळ डेटामधून वगळावी लागली. तेच तुकडे चारशे वेळा ऐकल्यावर पुढचे कित्येक महिने मला भूप गाववेना. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत.

थिअरीवाले यावर एक आक्षेप घेतात आणि तो मला पटतो: सुटा वाजवलेला धैवत हा देशकारचा धैवत नव्हेच. तो पंचमावरून कसा आला, किती रेंगाळला, यातच राग आहे. कॉग्निशनवाल्यांचं उत्तरही तितकंच सरळ: मग तुम्ही सांगता ते तुमच्याच एका कानाचं, दुसऱ्यांच्या कानांचं काय? जॉश मॅकडर्मट आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना कर्णमधुर आणि कर्कश स्वरमेळ ऐकवले. त्यांना दोन्ही सारखेच आवडले. इतकी वर्षं 'निसर्गदत्त' म्हणून शिकवलेली गोष्ट निदान सगळ्यांच्या कानाला लागू नाही, हे खुर्चीत बसून कळलं नसतं.

नातेवाईक मात्र कॉग्निशन म्हटलं की "म्हणजे म्युझिक थेरपी ना?" असं विचारतील. नाही. तो वेगळा पेशा, त्याचं प्रशिक्षण वेगळं. आणि मोझार्ट ऐकून मुलं हुशार होतात, हेही नाही. १९९३ चा तो मूळ प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता.

प्रवेशाचं बोलायचं, तर थिअरीला परदेशात स्टाफ नोटेशन सहज वाचता येणं, थोडाफार पियानो आणि स्वतः लिहिलेला एखादा विश्लेषणाचा लेख लागतो. फक्त हार्मोनियमवर वाढलेल्याने आधी एक-दोन वर्षं ही तयारी करावी. नंतर वर्गात बसून पकडू म्हटलं तर दमछाक होते. कॉग्निशनला मानसशास्त्र, इंजिनिअरिंग, भाषाशास्त्र, कुठूनही शिरता येतं, फक्त आकड्यांची आणि कोडिंगची भीती नको. भारतात सहसा कॉग्निटिव्ह सायन्सच्या दारातून आत जावं लागतं: आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर, अलाहाबाद विद्यापीठ. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत विनू अल्लुरी संगीत आणि मेंदू यावरच काम करतात. त्यांची पीएचडी फिनलंडच्या युवास्क्युला विद्यापीठाची, आणि ते या विषयाचं मोठं केंद्र आहे. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांचा गट इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये बसून समप्रकृतिक (स्वर सारखे, पण राग वेगळे अशा) रागांतला फरक संगणकाने मोजतो, आणि त्यांच्या जोड्यांत भूप-देशकारही आहे.

पोटापाण्याचं थोडक्यात: थिअरीचा माणूस शेवटी शिकवतो. अमेरिकेत चांगल्या ठिकाणी पीएचडीला फी माफ आणि वर विद्यावेतन, बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना हार्मनी शिकवायची. नंतरच्या कायम नोकऱ्या मोजक्या. कॉग्निशनमध्येही प्राध्यापकी तितकीच दुर्मीळ, पण हाताशी आलेलं स्टॅटिस्टिक्स श्रवणयंत्रं किंवा ऑडिओ बनवणाऱ्या कंपन्यांत चालतं. घरून पैशाची फार ओढाताण असेल, तर मी बेधडक कॉग्निशन सांगेन. नसेल, आणि रियाज सुटू द्यायचा नसेल, तर थिअरी. तिथे निदान गाणं अख्खं ऐकायला मिळतं.

अजून ठरत नसेल, तर दोन संध्याकाळी काढा. पहिल्या दिवशी देशकारचं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि आलापाची दोन मिनिटं कणस्वरांसकट (मुख्य स्वराला ओझरते लागून जाणाऱ्या स्वरांसकट) वहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी तोच आलाप मध्येच थांबवून घरातल्या आणि सोसायटीतल्या दहा जणांना विचारा, "आता पुढे कुठला सूर येईल? गुणगुणून दाखवा," आणि कोण काय गुणगुणलं ते लिहून ठेवा. माझी वही चाळीस सेकंदांवरच थांबली होती. दुसऱ्या दिवशी मात्र दहा जण संपल्यावर मी खाली जाऊन वॉचमनकाकांनाही विचारून आले.