हिरामे, कात्सुओ की तलावातला मासा? जपानात मासे घेताना

टोकियोत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचा पहिल्याच महिन्यातला प्रश्न : फुकुशिमाकडचा मासा घ्यावा का? माझं म्हणणं, प्रांताच्या आधी मासा कुठल्या पाण्यात वाढला ते विचारा.

मार्च 2011 च्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या अपघातात समुद्रात गेलेल्या किरणोत्सारी द्रव्यांपैकी आज माशांबाबत खरी काळजी सीझियम-137 ची. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे आपोआप निम्मं व्हायला लागणारा काळ, 30 वर्षं. शरीर त्याला पोटॅशियमसारखं वागवतं, म्हणून ते मांसात जातं. पाण्यात असेल त्याच्या साधारण शंभरपट. पण ते तिथे कायम राहत नाही. समुद्री मासा सतत खारं पाणी पितो, जादा क्षार कल्ल्यांवाटे टाकतो, त्यांच्याबरोबर सीझियमही निघून जातं. पाणी आणि खाद्य स्वच्छ असेल तर माशाच्या शरीरातलं काही महिन्यांत निम्मं होतं.

गोड्या पाण्यातल्या माशाचं नेमकं उलटं. तिथे क्षारांचा तुटवडा, म्हणून तो ते धरून ठेवतो आणि सीझियमही हळूहळूच सोडतो. त्यात जंगलातल्या मातीतून ते अजून ओढ्यांत उतरतं. काही नद्या-तलावांतल्या इवाना, यामामे या माशांवर इतक्या वर्षांनीही निर्बंध आहेत ते यामुळेच. सुट्टीत कोणी डोंगरातल्या ओढ्यात गळ टाकून मासा आणला, तर स्थानिक निर्बंध तपासल्याशिवाय मी तो घरात शिजवणार नाही.

आता समुद्रातले दोन. हिरामे आपल्या लेप्यासारखा चपटा, तळाशी पडून राहणारा. सीझियम गाळाला चिकटतं, गाळातल्या किड्यांत जातं, तिथून लहान माशांत आणि मग त्यांना खाणाऱ्या माशांत. म्हणून अपघातानंतर तळाचे मासे निवळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. कात्सुओ गेदर-कुप्याच्या कुळातला, खुल्या समुद्रात फिरणारा. गाळाशी त्याचा संबंध नाही. माकूल आणि ऑक्टोपस तर फारच लवकर निवळले. जून 2012 मध्ये फुकुशिमाच्या कोळ्यांनी चाचणी मासेमारी सुरू केली, तीही ऑक्टोपस आणि शंखांपासून.

मग हिरामे टाळायचा का? नाही. सीझियमची सरकारी मर्यादा किलोला 100 बेक्वेरेल (किरणोत्साराचं माप), आणि तिथल्या मच्छीमार संघाने स्वतःसाठी 50 चीच ठेवली आहे. मे 2023 मध्ये 18,000 बेक्वेरेलचा मासा सापडला तो प्रकल्पाच्या बंदिस्त बंदरात. तिथला मासा बाजारात येत नाही. तपासणीतून आलेला हिरामे मी मुलांना निःशंकपणे वाढेन.

ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या प्रक्रिया केलेल्या पाण्याची भीती वेगळी. त्यात मुख्यतः ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, असतं. ते पाण्याच्याच रूपात माशात शिरतं आणि बहुतांशी पाण्यासारखंच बाहेर पडतं. सीझियमसारखं मांसात शंभरपट साचत नाही.

स्ट्रॉन्शियम-90 मात्र कॅल्शियमसारखं हाडात बसतं. हिरामेचा काटा आपण टाकतो, शिरासु (माशांची बारीक पिल्लं) काट्यासकट खातो. म्हणून पिशवीवरचं ठिकाण मी शिरासुच्या बाबतीत आवर्जून वाचते.