नागपुरात जुना प्लाझ्मा टीव्ही : हिवाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर घेतलेल्या 50 इंची फुल एचडी प्लाझ्मा टीव्हीने आमच्या घरी एक हिवाळा आणि नागपूरचा अख्खा उन्हाळा काढला आहे, त्यामुळे आता त्याच्याविषयी सविस्तर लिहायला हरकत नाही. संच 2012 सालचा, एकाच मालकाने वापरलेला आणि नव्या 43 इंची एलईडीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळालेला. नवा प्लाझ्मा मिळण्याचा प्रश्नच उरलेला नाही. पॅनासोनिकने 2013 च्या अखेरीस आणि सॅमसंग व एलजी यांनी 2014 मध्ये हे उत्पादन थांबवले. माझे मत असे की, अंधारलेल्या खोलीत या संचाचे चित्र आजही मध्यम किमतीच्या एलईडीला मागे टाकते. मात्र मे महिन्यातल्या दुपारी तो लावावासा वाटत नाही.

चित्राची खरी ताकद काळ्या रंगात आहे. साध्या एलईडी टीव्हीत पडद्यामागचा दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढचे एलसीडी पॅनेल त्याचा प्रकाश हवा तिथे अडवते. हे अडवणे कधीच पूर्ण होत नसल्याने काळ्या जागी राखाडी झाक राहते. प्लाझ्मात असा मागचा दिवाच नसतो. निऑन आणि झेनॉन वायूंनी भरलेल्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराने अतिनील किरण निर्माण होतात आणि ते लाल, हिरव्या व निळ्या फॉस्फरला (किरण पडताच चमकणाऱ्या लेपाला) उजळवतात, म्हणजे प्रत्येक बिंदू आपला प्रकाश स्वतः देतो. कंदिलाच्या उजेडातला वाड्याचा प्रसंग पाहताना मागच्या खांबाची कड, काळ्या कोटाच्या घड्या आणि केसांतली एखादी बट वेगवेगळी दिसते, हे आमच्या शयनगृहातल्या एलईडीवर घडत नाही. कप्पे तयार स्थितीत ठेवण्यासाठी त्यांना थोडा भार सतत द्यावा लागतो, म्हणून दिवे पूर्ण मालवले की अगदी पुसट उजेड जाणवतो. या बाबतीत ओएलईडी (प्रत्येक बिंदू स्वतः उजळणारा आणि पूर्ण विझू शकणारा नवा पडदा) सरस आहे, पण त्याच्या किमतीत असे किती तरी जुने संच येतील. पडद्याच्या फार जवळ गेल्यास गडद भागात बारीक ठिपके वळवळताना दिसतात. सात-आठ फुटांवरून ते नाहीसे होतात.

बाजूने पाहिले तरी रंग फिके पडत नाहीत. दिवाणावर बसलेल्याला आणि स्वयंपाकघराच्या दारातून डोकावणाऱ्याला एकच चित्र दिसते, आणि क्रिकेटच्या दिवशी घर भरलेले असताना या गुणाची किंमत कळते.

क्रिकेटविषयी मात्र दोन्ही बाजू सांगायला हव्यात. वेगवान हालचाल या पडद्यावर विलक्षण स्वच्छ दिसते. सीमारेषेकडे धावणाऱ्या क्षेत्ररक्षकाचे पाय धूसर होत नाहीत. जाहिरातीतले 600 हर्ट्झ म्हणजे सेकंदाला 600 वेगळी चित्रे नव्हेत. 50 हर्ट्झच्या प्रक्षेपणातील प्रत्येक चित्रासाठी कप्पे 12 टप्प्यांत उजळतात, त्याचा तो गुणाकार आहे. हालचालीच्या स्वच्छतेला या झटपट उजळण्या-विझण्याची मदत होते. इंटरनेटवरून सामना पाहणाऱ्यांनी स्ट्रीमिंग स्टिकच्या सेटिंगमध्ये 60 ऐवजी 50 हर्ट्झ निवडावे, अन्यथा कॅमेरा फिरताना चित्र अडखळते आणि दोष उगाच टीव्हीच्या माथी जातो. उलट बाजू अशी की, पडद्याचा मोठा भाग एकाच वेळी उजळ झाला की विजेचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी संच आपली चमक आपणच कमी करतो. त्यामुळे नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भर उन्हात कसोटी चालू असेल, तर खेळाडूंचे पांढरे कपडे मळकट वाटतात, आणि त्याच मैदानावरचा रात्रीचा टी-ट्वेंटी सामना पाहावा तर डोळ्यांचे पारणे फिटते. काळ्या साइटस्क्रीनसमोरून जाणाऱ्या पांढऱ्या चेंडूमागे क्वचित हिरवट-पिवळी रेघ ओढल्यासारखी दिसते. घरात ती मी सोडून कुणालाही दिसलेली नाही.

सुविधांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आतील स्मार्ट ॲप कालबाह्य झाली आहेत, स्टिक जोडल्याशिवाय भागत नाही. थ्रीडी चष्मे एकदा पाहुण्यांसमोर काढले आणि पुन्हा कपाटात गेले. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक अधिक ठळक दाखवण्याची सोय) नाही, फोरके चित्र फुल एचडीवर उतरवूनच दिसते आणि आवाज पोकळ असल्याने वेगळे स्पीकर लावावे लागले. एसडी वाहिन्यांवरच्या जुन्या मालिका मात्र इथे एलईडीपेक्षा सुसह्य वाटतात.

सगळ्यांत जास्त शिस्त लागते ती पडद्यावर ठसा उमटू न देण्यासाठी. बाबांना सकाळपासून मराठी बातम्या लागतात, आणि या वाहिन्यांच्या तळाशी असलेली लाल ब्रेकिंगची पट्टी तासन्‌तास हलत नाही. त्यानंतर फिकट पार्श्वभूमीचे काही लावले की पट्टीची पुसट सावली दिसते. दुसरा कार्यक्रम पूर्ण पडदाभर तासाभरासाठी चालवला की ती विरते. पण फॉस्फर असमान झिजून कायमचा डाग पडतो तो कशानेही जात नाही. म्हणून कॉन्ट्रास्ट मध्यम ठेवला, पिक्सेल किंचित सरकवत राहण्याची सोय चालू केली आणि बातम्यांसाठी बाबांच्या खोलीतला छोटा एलईडी मुक्रर केला. सुरुवातीचे काही दिवस त्यावरून घरात धुसफूस झाली.

आता उष्णतेचे. प्लगला मीटर लावून पाहिले तेव्हा गडद चित्रपटाला सव्वाशे वॉटच्या आसपास आणि उजळ सामन्याला अडीचशेच्या वर वीज लागत होती. याच आकाराचा एलईडी बहुधा शंभराच्या आसपास भागवतो. डिसेंबरात ही ऊब खुपत नाही. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या घरात, गच्चीचा स्लॅब तापलेला आणि पडद्याच्या वरच्या कडेवर हात ठेवला तर गरम वाफेसारखी हवा लागते, अशा वेळी कूलरची निम्मी मेहनत टीव्हीच खातो. पुस्तिकेत वापरासाठी 40 अंशांपर्यंतचे तापमान दिले आहे, आणि कूलर बंद असेल तर आमची बैठक दुपारी त्या आकड्याला सहज टेकते. त्यामुळे उन्हाळाभर आम्ही तो सूर्यास्तानंतरच लावला. कूलरचा दमट झोत थेट संचावर येणार नाही अशी मांडणी केली, मागे हातभर मोकळी जागा सोडली आणि जाळीतली धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढली. पश्चिमेच्या खिडकीचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर आरशासारखे पडत असल्याने दुपारच्या पाहण्यात तसाही अर्थ नव्हता.

असा संच घेणाऱ्याने तो निदान तासभर चालू ठेवायला सांगावे. आधी संपूर्ण पांढरा आणि मग राखाडी पडदा लावून वाहिन्यांच्या बोधचिन्हांचे डाग कोपऱ्यांत शोधावेत. मग गडद चित्र लावून लाल-जांभळे ठिपके लुकलुकतात का ते पाहावे; ते पॅनेल किंवा त्याला वीज देणाऱ्या बोर्डाच्या दोषाचे लक्षण असू शकते. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या ज्या मेकॅनिकला मी संच दाखवला, त्याच्या म्हणण्यानुसार पॉवर सप्लायचे कपॅसिटर बदलता येतात, बाकी बोर्ड जुन्या संचांतून काढलेलेच मिळतात आणि पॅनेल गेले तर दुरुस्ती नाही. हलकी गुणगुण प्रत्येक प्लाझ्मात असते, तिला घाबरू नये. आवाज बंद करून आठ फुटांवरूनही ती ऐकू येत असेल, तर सौदा सोडावा.