तळ्याकाठचं घर, होडी आणि खोटं परमिट

दरवर्षी मित्रांसोबत जंगलात गळ टाकायला जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आम्हाला ज्याने फसवलं त्याला मासेमारीतलं बऱ्यापैकी कळत होतं. तो आपल्यासारख्यांच्याच शोधात असतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमची मंडळी जुनी. नोकऱ्या, संसार, बदल्या यांत सगळे पांगले, तरी वर्षातून एकदा जंगलात जमायचं हा नेम कोणी मोडला नाही. ज्या घरात आम्ही वर्षानुवर्षं उतरायचो ते मालकांनी विकलं, तेव्हा नवी जागा शोधणं आलं. ऑनलाइन जाहिरातीत एक घर दिसलं. हिरव्या पत्र्याचं छप्पर, तळ्यात शिरलेला लाकडी धक्का, त्याला बांधलेली होडी, आणि एका फोटोत दोन्ही हातांवर भलामोठा ट्राउट मासा धरलेला माणूस. भाडं स्वस्त नव्हतं आणि महागही नव्हतं. संशय यावा असं त्यात काहीच नव्हतं.

मेसेज केल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "सर, फ्लाय करता की स्पिनिंग?" म्हणजे हलक्या खोट्या माशीने मासे धरता की रीळवरून फेकायच्या आमिषाने. मग म्हणाला, लहान चमचे (चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं) आणा, मोठ्या लूरला, म्हणजे खोट्या आमिषाला, इथला मासा बिचकतो. पहाटे काठाजवळच्या उथळ पाण्यात टाका, ऊन चढलं की मासा खोल जातो. पैशांचा विषय त्याने बराच वेळ काढलाच नाही. आमच्यातला सगळ्यात चिकित्सक मित्रसुद्धा म्हणाला, "अरे, हा माणूस पाण्यावरचाच आहे."

मग हळूहळू एकेक गोष्ट आली. तिथे नेटवर्क नाही, त्यामुळे फोन लागणार नाही, मेसेजच करा. फाटकाला पाटी नाही, मी नकाशावर खूण पाठवतो. चावी राखणदार देईल. वेबसाइटवरून पैसे भरलेत तर कमिशन जातं, थेट खात्यात टाका, तेवढी सूट देतो. निम्मे आगाऊ, निम्मे पोहोचल्यावर. खात्यावर नाव वेगळं दिसलं म्हणून विचारलं, तर उत्तर तयारच होतं: "मेहुण्याचं आहे, हिशोब तोच बघतो."

शहरातल्या हॉटेलवाल्याने असं काही सांगितलं असतं तर कोणीही तिथेच बोलणं थांबवलं असतं. पण जंगलातल्या जागेत फोन न लागणं, पाटी नसणं, शेजारी नसणं हे सगळं स्वाभाविक असतं. आपण त्यासाठीच तर तिथे जातो. फसवणाऱ्याने हे अचूक हेरलेलं असतं: जागा जितकी एकाकी, तितका त्याच्या थापांना आडोसा.

मासेमारीचं परमिटही त्यानेच काढून दिलं. त्यासाठी प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत मागवली. दोन दिवसांत शिक्का, सही आणि आमची नावं असलेला कागद आला.

प्रत्यक्षात तळं होतं, रस्ताही होता, फाटकही होतं. गाड्यांचा आवाज ऐकून घरातून एक वयस्कर बाई बाहेर आल्या. आम्ही काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "तुम्हीपण पैसे भरलेत का?" घर त्यांचं राहतं होतं, भाड्याने त्यांनी कधीच दिलेलं नव्हतं. आमच्या फोनवरचा फोटो त्यांनी डोळ्यांजवळ धरला आणि बोटाने छप्पर दाखवलं. फोटोत हिरवं, समोर तपकिरी. पत्रा बदलूनही काही वर्षं झाली होती. धक्क्याचे पाण्यात फक्त खांब उरले होते. पूर्वी कधीतरी घर विकायचं ठरवून त्यांनी जाहिरात दिली होती, मग बेत रद्द केला. फोटो त्या जाहिरातीतले. आधी फसून आलेल्या एका गटाने त्यांनाच दमदाटी केली होती, हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. या प्रकारात आमचे पैसे गेले, पण त्या बाईंच्या दाराशी दर काही दिवसांनी चिडलेली अनोळखी माणसं येऊन उभी राहतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

माशाचा फोटो तर त्या तळ्याचा असणं शक्यच नव्हतं. ट्राउटला थंड, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. पाण्याचं तापमान 20 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की त्याची दमछाक होते, त्याचं खाणं मंदावतं. हे तळं उथळ, गाळाचं, कडेला शेवाळ आलेलं आणि हाताला कोमट लागणारं. फोटोतल्या माशाच्या अंगावरून गेलेला गुलाबी पट्टा स्पष्ट दिसतो, म्हणजे तो रेनबो ट्राउट. जाहिरातीत लिहिलं होतं की ओट्यावर बसून तळ्यात बुडणारा सूर्य दिसतो. उपग्रहाच्या नकाशात मात्र तळं घराच्या पूर्वेला आहे. घर एकीकडचं, सूर्यास्त दुसरीकडचा, मासा तिसरीकडचा.

सगळ्यात धोक्याचं होतं ते परमिट. परतीच्या वाटेवर आम्ही संबंधित कार्यालयात कागद दाखवला. त्यांच्या नोंदवहीत तो क्रमांकच नव्हता, आणि कागदावरच्या तारखा प्रजननाच्या बंदी काळातल्या होत्या. आम्ही तिथे गळ टाकला असता आणि तपासणीला कोणी आलं असतं, तर दंड आमच्या माथी आला असता, सामान जप्त झालं असतं ते वेगळंच. परमिट मध्यस्थाकडून आलं असेल तर त्यावरचा क्रमांक देणाऱ्या कार्यालयातूनच पडताळून घ्या, आणि त्या कार्यालयाचा फोन नंबर त्या कागदावरून घेऊ नका, स्वतः शोधा.

नेटवर्क मिळताच एका मित्राने बँकेला फोन केला. असे पैसे काही तासांत एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात, त्यामुळे कळल्याबरोबर फोन करणं महत्त्वाचं. कार्डाने भरलेल्या पैशांवर बँकेमार्फत हरकत घेता येते. आपण स्वतः थेट खात्यात टाकलेले पैसे परत मिळवणं फार अवघड. 'कमिशन वाचेल' या सवलतीमागे हेच कारण असतं. तोवर त्याने त्याच्या बाजूचे मेसेज पुसायला सुरुवात केली होती. मित्राने आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवले होते म्हणून तक्रारीला पुरावा राहिला.

पैशांपेक्षा काळजी आता ओळखपत्रांची आहे. त्या प्रती त्याच्याकडे आहेत, त्यावर कोणाच्याही नावाने सिम किंवा कर्ज काढायचा प्रयत्न होऊ शकतो. आम्ही तक्रारीत प्रत्येक प्रतीचा उल्लेख केला आणि बँकांना लेखी कळवलं. कुठेही प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला.

तक्रारीबद्दल आम्ही उघडपणे लिहिल्यावर आठवड्याभरात एकाचा मेसेज आला. तुमचे पैसे सापडले आहेत, थोडं शुल्क भरा, मोबाइलमध्ये हे ॲप टाका, पुढचं मी करतो. ॲप आपला स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देणारं होतं. एकदा फसलेल्याला पुन्हा गाठायचा हा धंदाच आहे. कधी तीच टोळी असते, कधी नावांची यादी विकत घेतलेली दुसरी. आम्ही तो नंबरही तक्रारीत जोडला.

नवी जागा ठरवताना आता आम्ही फोटो आधी गूगल लेन्समध्ये टाकतो, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते कळतं. हे घर तिथे टाकल्यावर विक्रीची जुनी जाहिरात लगेच समोर येते. दुसरं म्हणजे, त्या भागातल्या गळ-आमिषाच्या दुकानात फोन करतो. कोणत्या तळ्यात कोणता मासा आहे, कोणतं घर भाड्याने जातं आणि कोणतं नाही, हे तो दुकानदार दोन वाक्यांत सांगतो. मालकाकडे नेटवर्क नसेल तर हरकत नाही. घरात फिरून, खिडकीतून पाणी दाखवत, आमच्या गटाचं नाव लिहिलेला कागद हातात धरून एक व्हिडिओ काढ आणि नेटवर्कमध्ये आल्यावर पाठव, एवढंच म्हणतो. खऱ्या मालकांपैकी अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. एकाने मात्र हे मागितल्यावर उत्तरच दिलं नाही, आणि त्याच्या जाहिरातीत तोच गुलाबी पट्ट्याचा मासा होता. ती जाहिरात आम्ही वेबसाइटला कळवली आहे. तुम्हाला दिसली तर तुम्हीही कळवा, आणि हिरव्या छपराचं घर दिसलं तर त्या बाईंच्या दाराशी जाऊ नका.