सहा तारांच्या सवयीवर बारा तारा: चौदा महिन्यांनंतरचे परीक्षण

बारा तारांची अकूस्टिक गिटार घेऊन मला चौदा महिने झाले. त्याआधीची अकरा वर्षे मी सहा तारांचीच गिटार वाजवत होतो आणि आजही वाजवतो, त्यामुळे दोन्ही वाद्ये आलटून पालटून हातात घेणाऱ्याचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या गिटारीतला एक दोष पुढे येईल, पण सांगण्यासारखे जे आहे ते बहुतांशी त्या एका गिटारीचे नसून या जातीच्या सगळ्याच वाद्यांना लागू पडणारे आहे.

मोजायला तारा बारा असल्या तरी डाव्या हाताच्या दृष्टीने त्या सहाच जोड्या आहेत. ई, ए, डी आणि जी या खालच्या सुरांच्या चार जोड्यांमध्ये जाड तारेशेजारी तिच्याच सुराची, पण एक सप्तक वरची बारीक तार असते, तर बी आणि वरची ई या जोड्यांमधल्या दोन्ही तारा एकाच जाडीच्या आणि एकाच सुरात लावलेल्या असतात. सहा तारांवर पाठ झालेली प्रत्येक कॉर्ड (एकदम छेडायचा स्वरांचा समूह) इथे जशीच्या तशी बसते, म्हणूनच ही गिटार पहिल्यांदा हातात घेणाऱ्या कोणालाही वाटते, की हे तर आपल्याला येतेच. मलाही तसेच वाटले होते. पहिली जी मेजर छेडली तेव्हा खालच्या तारांच्या भरदार आवाजावर कोणीतरी दुसरेच वाद्य वाजवत असल्याचा भास झाला, आणि पुढचा अर्धा तास मी त्या एका कॉर्डच्या पलीकडे गेलोच नाही. हा पहिला अर्धा तास फसवा असतो, हे मात्र आता सांगितले पाहिजे.

हा आवाज इतका भरीव का वाटतो, हे तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा मिळवताना ज्याने कान लावला आहे त्याला लगेच कळेल. दोन तारा एकाच सुरात लावल्या तरी त्या तंतोतंत एक होत नाहीत. मोकळी बी तार सेकंदाला सुमारे २४७ कंपने करते, आणि तिची जोडीदार २४८ करत असेल तर दर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात यालाच विस्पंद म्हणतात. सेकंदाला तीन-चार विस्पंद होऊ लागले की माझा कान त्याला बेसूर ठरवतो, पण दोन-तीन सेकंदांत एखादाच संथ हेलकावा असेल तर त्याच कानाला तो गोडवा वाटतो. बारा तारांचे सगळे वैभव या दोहोंमधल्या अरुंद पट्टीत आहे. सहा तारांच्या गिटारीला कोरस पेडल, म्हणजे आवाज दुहेरी भासवणारे उपकरण, जोडले की हेच मिळते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पेडल त्याच सुराची किंचित हललेली नक्कल काढते हे खरे, पण खालच्या चार जोड्यांमधले वरचे सप्तक ते आणत नाही, आणि या वाद्याची चकाकी प्रामुख्याने तिथूनच येते.

या चकाकीची किंमत रोजच्या सूर लावण्यात मोजावी लागते. सहा तारांची गिटार मी दोन मिनिटांत सुरात लावतो, तर बारा तारांना सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटे लागत आणि सवय झाल्यावरही सहा-सात लागतातच. सूर दाखवणारा, चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर जोडीतल्या दोन्ही तारा एकदम ऐकून गोंधळतो, म्हणून एक तार बोटाने मुकी करून दुसरी छेडावी लागते. आता मी फक्त जाड तारा ट्यूनरवर लावतो आणि बारीक तारा त्यांच्यावरून कानाने मिळवतो. त्यात वेळ वाचतोच, शिवाय शेवटी जे ऐकायचे आहे ते दोन तारांमधले नाते असल्यामुळे निकालही चांगला येतो.

या सगळ्यांत नाजूक प्रकरण तिसऱ्या जोडीतल्या बारीक जी तारेचे आहे. तिचा सूर ३९२ हर्ट्झ, म्हणजे कडेच्या पहिल्या ई तारेच्या ३३० हर्ट्झपेक्षाही वरचा, त्यामुळे गिटारीवरची सर्वांत उंच सुराची तार अशी मध्येच कुठेतरी लपलेली असते. इतक्या उंच सुराला टिकावी म्हणून ती ०.००८ किंवा ०.००९ इंच जाडीची ठेवतात. सहा तारांच्या नेहमीच्या लाइट, म्हणजे हलक्या तारांच्या, संचातली सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची असते, यावरून अंदाज यावा. माझ्या गिटारीच्या नटमध्ये, म्हणजे किल्ल्यांच्या बाजूला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीत, या तारेची खाच कारखान्यातूनच अरुंद कापून आली होती. किल्ली फिरवली तरी काही क्षण सूर जागचा हलत नसे, मग ‘टिक्’ असा बारीक आवाज होऊन तार खाचेत सरके आणि सूर एकदम पुढे उडी मारी. तो ‘टिक्’ ऐकू आला की मी आपोआप मान मागे घ्यायला शिकलो, कारण पहिल्या दोन महिन्यांत ही तार तीन वेळा तुटली आणि त्यातल्या एका वेळी तिचे टोक गालाला लागले. शेवटी एका कारागिराने खाच बारीक कानसीने मोकळी करून तिच्यात पेन्सिलीचे शिसे घासले. त्यानंतरच्या वर्षभरात ती एकदाच तुटली आहे. नवीन गिटार घेताना बाकी सगळे बाजूला ठेवून या एका तारेची किल्ली थोडी खाली-वर फिरवून पाहावी आणि सूर सलग सरकतो की अडखळतो, हे ऐकावे.

डाव्या हाताला पहिला धक्का रुंदीचा बसतो. सहा तारांच्या अकूस्टिक गिटारीचा नट साधारण ४३ ते ४४.५ मिलिमीटर रुंद असतो, तर बारा तारांचा बहुधा ४७-४८ मिलिमीटरचा. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण मोकळ्या ए मेजरमध्ये दुसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी दुसरीपाशी) तीन बोटे शेजारी शेजारी बसवताना प्रत्येक बोटाला दोन तारा सांभाळाव्या लागतात आणि करंगळी उगाचच मध्ये येऊ लागते. माझ्या तर्जनीच्या टोकावर पहिले तीन आठवडे दोन समांतर वळ असत, एक जाड आणि एक केसाएवढा. दाब नुसता वाढवून भागत नाही, कारण जोडीतली जाड तार बोटाचा सगळा दाब स्वतः घेते आणि शेजारची बारीक तार फ्रेटवर नीट न टेकता झणझणत राहते. बोट किंचित बारीक तारेकडे कलते ठेवण्याची सवय लागेपर्यंत माझी एफची बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची कॉर्ड, ऐकण्यासारखी नव्हती, आणि सलग चार-पाच बार कॉर्ड असलेले गाणे मी अजूनही सहा तारांवरच वाजवतो.

सहा तारांवर ज्याची मौज आहे, ते तार ओढून मींड घेणे इथे जवळजवळ सोडूनच द्यावे लागते. एकाच सुराच्या दोन तारा एकदम ओढल्या तरी त्या सारख्या ताणल्या जात नाहीत, आणि सप्तकाच्या जोडीत तर जाड तार अर्धा स्वर चढेपर्यंत बारीक तार भलतीकडे गेलेली असते. त्याहून मजेशीर अडचण सलग सुरावटीत येते. तिसऱ्या जोडीवर चौथ्या फ्रेटला बी हा स्वर मिळतो, तोच दुसऱ्या जोडीवर मोकळा मिळतो. सहा तारांवर या दोन जागांमध्ये पोताचा थोडा फरक असतो, एवढेच. बारा तारांवर पहिल्या जागी तो स्वर आणि त्याचे वरचे सप्तक असे दोन्ही वाजतात, दुसऱ्या जागी तो नुसताच दुहेरी वाजतो. परिणामी आरोही जाणारी सुरावट तिसऱ्या जोडीवरून दुसरीवर आली, की ऐकणाऱ्याला वाटते सूर वर चढायच्या ऐवजी खाली उतरला. हा वाजवणाऱ्याचा दोष नाही, जोड्यांची रचनाच तशी आहे. त्यावर तोडगा एकच: सुरावट बांधतानाच तिला एका बाजूला, म्हणजे वरच्या दोन जोड्यांवर किंवा खालच्या चारांवर ठेवायचे.

उजव्या हाताच्या बाबतीत तारांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. नेहमीच्या मांडणीत सप्तकाची बारीक तार जाड तारेच्या वर, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हनुवटीच्या बाजूला असते, त्यामुळे खाली येणारा पिक (तारा छेडायची चकती) आधी बारीक तारेला आणि मग जाड तारेला लागतो. रिकनबॅकर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारीत हा क्रम उलटा असतो आणि जाड तार आधी वाजते. बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांनी १९६४ मध्ये तीच गिटार वापरली, तिच्यामुळे बर्ड्स या बँडचे रॉजर मॅग्विन या वाद्याकडे वळले, आणि तो लखलखीत आवाज त्या दशकाची ओळख होऊन बसला. अकूस्टिकवर नेहमीच्या क्रमात अंगठा हलका ठेवला तर जाड तार नीट बोलतच नाही आणि सगळा खर्ज हरवतो. अंगठा दोन्ही तारांमधून पुरता उतरला पाहिजे. पिक मी सहा तारांवर एक मिलिमीटरचा वापरतो, इथे ०.६ मिलिमीटरचा. जाड पिक जोडीत अडकतो आणि स्ट्रमिंग कुंपणावरून काठी ओढल्यासारखे ऐकू येते.

ताणाचा हिशेब प्रत्येक खरेदीदाराने समजून घ्यावा असा आहे. सहा तारांचा लाइट संच प्रमाण सुरात लावला की तारांचा एकूण ताण सुमारे ७५ किलो होतो, बारा तारांचा ११० किलोच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दीडपट. हा सगळा ओढा ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पोटावरच्या पट्टीवर, आणि वरच्या पातळ फळीवर येतो. जुन्या बारा तारांच्या गिटारींचे पोट फुगलेले आणि ब्रिज मागून उचललेला दिसतो, तो यामुळेच. उपाय साधा आणि जुना आहे. सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवून लावायच्या आणि मूळ पट्टी हवी असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, चढवायचा. ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एवढ्याशा उतरण्याने तो एक पंचमांशाने कमी होतो, बोटांचा त्रास घटतो आणि ती बारीक जी तारही जगते. लेड बेली हे थोर वादक आपली बारा तारांची गिटार याहूनही खूप खाली लावत आणि तिच्या खर्जाचा पियानोच्या डाव्या हातासारखा उपयोग करत. कापो मात्र चांगल्या पकडीचा हवा. ढिल्या कापोखाली जाड तार दबते आणि बारीक तार मोकळीच राहते.

एक तडजोड अशी आहे, की जिच्यावर उपाय नाही. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सॅडलवर, म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेल्या बारीक पट्टीवर, टेकतात, पण जाड तारेला सूर अचूक येण्यासाठी बारीक तारेपेक्षा थोडी जास्त लांबी लागते. सॅडल जाड तारेच्या सोयीने बसवला तर बारीक तार वरच्या फ्रेटवर किंचित उतरलेली ऐकू येते. सातव्या फ्रेटपर्यंत हे खटकत नाही, बाराव्याच्या आसपास खटकते, म्हणून माझा हात या गिटारीवर वरच्या भागात क्वचितच जातो.

चौदा महिन्यांत माझ्या वाजवण्यात जो बदल झाला तो असा, की बारा तारांवर मी निम्मेच वाजवतो. सहा तारांवर मी कॉर्डच्या मध्ये भरणा करतो, खर्जाच्या चाली टाकतो, हातोडी मारावी तसे बोट आपटून स्वर काढतो. हेच सगळे इथे केले, की आवाजाचा चिखल होतो आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. संथ लयीत मोकळ्या कॉर्ड, मात्रेमागून मात्रा सोडत, तारांना विझायला वेळ देत वाजवले तर मात्र एकट्या आवाजाला या गिटारीइतकी साथ दुसरी कुठलीच करत नाही. हळू आणि जोरात यांच्यातला फरकही इथे सहा तारांपेक्षा अरुंद आहे. हलके वाजवले तरी ती भरलेलीच ऐकू येते, आणि एखादाच स्वर एकटा, उघडा ठेवायचा असेल तर मी निमूटपणे सहा तारांची उचलतो.

त्यामुळे पहिली गिटार म्हणून ही कोणालाही घेऊ देऊ नये. ज्याला फक्त रेकॉर्डिंगपुरता हा आवाज हवा आहे त्याने तर गिटार घेण्याआधी एक प्रयोग करावा: बारा तारांच्या संचातल्या सप्तकाच्या चार बारीक तारा आणि नेहमीच्या बी व ई अशा सहा तारा साध्या गिटारीवर चढवाव्यात, आणि नेहमीच्या गिटारीवर वाजवलेल्या साथीवर तीच साथ तिच्याने पुन्हा वाजवून जोडावी. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात, आणि दोन्ही आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असल्यामुळे चकाकी किती ठेवायची हे नंतर ठरवता येते. समोर बसलेल्यांसाठी एकट्याने गायचे असेल तर मात्र याला खऱ्या बारा तारांची सर येत नाही.

तारा बदलण्याचे काम मला पूर्वी दोन तास पुरत नसे, आता पाऊण तासात होते. एका वेळी एकच जोडी काढायची, जाड तार आधी चढवायची, आणि सगळ्या झाल्यावर पहिल्या जोडीपासून पुन्हा एक फेरी मारायची, कारण नेक, म्हणजे गिटारीची दांडी, तोवर ताणाने थोडी हललेली असते. पूर्ण संच मी तीन महिन्यांतून एकदा घेतो, आणि त्यासोबत ०.००८ ची सुटी तार नेहमी दोन नग जादा.